भाऊजींचं नाक

भाऊजी दारू प्यायचे याची मला किळस होतीच, पण पिण्याआधी ते ती पाच-पाच मिनिटं हुंगत बसायचे याची जास्त होती. पिणारे मी पुष्कळ पाहिलेत. ते तोंड वाकडं करतात, घटकन गिळतात, वर शेंगदाणे कोंबतात आणि मोकळे होतात. त्यात निदान प्रामाणिकपणा असतो. दारू घाण लागते हे त्यांचा चेहरा तरी कबूल करतो. आमच्या भाऊजींचं तसं नव्हतं. पेला तिरपा धरायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि देवघरात कापूर लावल्यासारखा चेहरा करून म्हणायचं, "वा! मनुका." घरात डब्यात पावशेर मनुका पडून असायच्या. त्यांना या माणसाने कधी हात लावला नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमची शेती कोरीटला, घर नंदुरबारला. माझे यजमान नोकरी करायचे आणि भाऊजी मिरचीचा व्यापार. माझी जाऊ लग्नानंतर सहाव्या वर्षी काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं, पण भाऊजींनी ऐकलं नाही. घराची पुढची खोली त्यांची, बाकीचं घर आमचं, आणि जेवण माझ्या हातचं. अशी आमची बावीस वर्षं गेली.

मिरचीच्या धंद्यात त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. आमच्याकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागतात. मैदानंच्या मैदानं लाल होतात आणि रस्त्याने जाणारा माणूस शिंकत जातो. भाऊजी तिथे रुमालसुद्धा लावायचे नाहीत. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर मिरची काढायचे, एक मोडायचे, नाकाला लावायचे आणि सांगायचे, की हिला आत ओल राहिली आहे, आठ दिवसांत काळी पडेल. ती पडायचीच. एखादा शेतकरी हुज्जत घालायला लागला की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "मिरची खोटं बोलत नही, भाऊ. माणूस बोलस."

असं चांगलं, कामाचं नाक देवाने दिलं होतं, ते या माणसाने व्हिस्कीत बुडवलं. कुठल्याशा लग्नात कुणीतरी त्यांना परदेशी बाटलीतले दोन घोट पाजले आणि मिरचीत ओल शोधणाऱ्या माणसाला पेल्यात मनुका सापडल्या. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तीन वाजता पुढच्या खोलीत बैठक बसायला लागली.

बैठकीला चार जण. भाऊजी, एका दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर, बियाण्यांचे दुकानदार, आणि खांडबाऱ्याहून रेल्वेने येणारे निवृत्त स्टेशनमास्तर. हे लोक भाऊजींना अप्पा म्हणायचे. नियम भाऊजींचे. बैठक सुरू झाली की खिडक्या बंद आणि पंखा बंद, कारण वाऱ्याने वास उडतो. नंदुरबारचा वैशाख ज्याने काढलाय त्यालाच कळेल मी काय सांगतेय. चार घामेजलेली माणसं बंद खोलीत एका बाटलीभोवती बसलेली, कपाळावरून धारा, आणि चौघांची नाकं पेल्यात. भाऊजी त्या दिवशी पांढरा शर्ट, मोजे आणि पॉलिश केलेले काळे बूट घालून बसायचे. एरवी वर्षभर चप्पल. स्वतःच्या घरात बूट कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, चांगला माणूससमोर आपण चप्पलवर बसतस का?" बाटलीला चांगला माणूस म्हणणारा हा मी पाहिलेला पहिलाच.

"पहिले नाक, मंग जीभ, मंग गळा," हे ते प्रत्येक रविवारी एकदा तरी सांगायचे. "उल्टं करस तो बेवडा शे."

मला विचाराल तर सुलटं करणारेही तेच होते, फक्त त्यांना वेळ जास्त लागायचा.

पुढे या चौघांचा मोबाइलवर ग्रुप झाला, 'रविवारचा थेंब' नावाचा. आज काय पितोय त्याचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं: नाकाला काय आलं, जिभेला काय लागलं, शेवटी काय उरलं, आणि दहापैकी किती गुण. हळूहळू शहाद्याचे, नवापूरचे, अक्कलकुव्याचे लोक त्यात आले. एकदा बाटलीच्या फोटोत मागे आमचं तुळशीवृंदावन आलं. मी भाऊजींशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी फोटो काढून टाकला आणि मला येऊन सांगितलं, "तुळस बी चांगली दिसत व्हती, वहिनी." म्हणजे या माणसाला मी कशाला रागावले तेच कळलं नव्हतं.

या घाणीत माझा हात कसा बरबटला ते सांगते. मी मराठीची शिक्षिका. भाऊजी घरात, बाजारात, पथारीवर सगळीकडे अहिराणीच बोलायचे, पण ग्रुपवर लिहायचं ते शुद्ध मराठीत, असा त्यांचा हट्ट. का, तर म्हणे, "अहिराणीमा दारू पेतस, व्हिस्की नही." मग दर रविवारी संध्याकाळी कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. "वहिनी, जरासं तपासी द्या." मी पोळ्या लाटत लाटत तो कागद तपासायचे. 'मधाचा मंद दरवळ.' 'भाजलेल्या दादरच्या भाकरीचा सुवास.' माझ्या तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास या लोकांनी दारूत नेऊन घातला होता! मी लाल पेनाने 'सुवास' खोडून 'वास' करायचे. दरवळ खोडायचे. भाऊजी मुकाट्याने ते तसंच टाकायचे आणि वर सांगायचे, आमच्या वहिनींनी तपासलंय. लाज मेली नि काय!

मी हे का करत होते? माझ्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे. दारूचा वास आला की माझा हात पदराकडे जातो, अजूनही जातो. पण भाऊजींचे माझ्यावर उपकार होते. लग्नानंतर मला पहिली नोकरी लागली ती अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातल्या शाळेत. सासूबाई म्हणाल्या, सून डोंगरात एकटी राहायची नाही. यजमानांनी ताटातून मान वर केली नाही. तेव्हा जेवता जेवता भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या वहिनीले. आपला घरमा एक तरी माणूस शुद्ध बोलनारं पाहिजे." आणि पुढची चार वर्षं दर सोमवारी पहाटे त्यांनी मला मोटारसायकलवर अक्कलकुव्याच्या स्टँडपर्यंत सोडलं. थंडीत, पावसात, एकदाही कुरकुर नाही. असा माणूस दारात कागद घेऊन उभा राहिला तर काय करणार? तपासला.

त्या डोंगरातली एक गोष्ट मी त्यांना सांगितली, तीही मलाच भोवली. तिथले म्हातारे मोहाची दारू प्यायच्या आधी दोन-चार थेंब जमिनीवर सोडतात, धरतीला आणि गेलेल्या माणसांना. मी अगदी सहज सांगितलं होतं. पुढच्या रविवारपासून भाऊजींनी पिण्याआधी तीन थेंब खाली सोडायला सुरुवात केली. डोंगरात खाली माती असते, ती पिऊन टाकते. आमच्याकडे फरशी. दर सोमवारी सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्या चिकट डागांवर पोछा मारायचे आणि भाऊजींच्या नावाने बोटं मोडायचे. तीन थेंब कुणासाठी असतात हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्या जावेचा फोटो त्याच खोलीत होता.

मग ती तापाची साथ आली. घरात सगळे आजारी पडलो आणि सगळे उठलो. भाऊजीही उठले. बैठक काही महिने बंद होती ती पुन्हा सुरू झाली. आणि एका रविवारी उंदराचा प्रकार घडला.

मी तीन दिवस माहेरी होते. रविवारी दुपारी परतले तर पायरीवरच वास आला. सडलेल्या मांसाचा, डोक्यात जाणारा. पुढच्या खोलीत उंदीर मेला होता हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मिरचीच्या पोत्यांबरोबर उंदीर घरात यायचेच. मी नाकाला पदर लावून दार उघडलं तर आत बैठक रंगात. खिडक्या बंद, पंखा बंद, नवीन बाटली उघडलेली आणि चौघांत वाद पेटलेला.

कंपाउंडर म्हणत होते, "जुनं चामडं. स्पष्ट आहे."

दुकानदार म्हणाले, "चामडं नाही हो, शिकार. रानात डुक्कर मारून आणलं की येतो ना, तसा."

स्टेशनमास्तरांनी डोळे मिटून पेला हुंगला आणि निकाल दिला, "यात जनावर आहे. पण खानदानी."

हसावं की ओकावं, मला कळेना. उंदीर बाटलीच्या कपाटामागे मरून फुगला होता आणि ही चार शहाणी माणसं त्याला गुण देत होती! मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "तुम्हले काय व्हयी गयं? मोगरा शे हाऊ. नुसता मोगरा."

तिघं त्यांच्याकडे बघायला लागले. मीही. भाऊजी कपाटाला पाठ लावून बसले होते. उंदीर त्यांच्यापासून हातभरही लांब नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तो उकाड्याचा नव्हता. ते एकेकाच्या तोंडाकडे असं बघत होते, जसं माझ्या वर्गातलं पोर उत्तर चुकल्यावर दुसऱ्यांच्या पाट्यांकडे बघतं.

मी तोंड मिटलं. दार ओढून घेतलं आणि आत गेले. ते लोक जाईपर्यंत मी थांबले, मग चिमट्याने तो उंदीर ओढून बाहेर काढला. किडे पडले होते. त्याचं वर्णन मी करत नाही, ग्रुपवर वाचायला मिळेल.

त्या संध्याकाळी भाऊजी दारात आले ते कागद न घेता.

"वहिनी," ते म्हणाले, "माले काहीच वास येत नही. ताप उना तव्हपासून. मिरचीना नही, भाकरना नही, कसानाच नही."

"मग मिरची कशी घेता?"

"कानवर." त्यांनी हाताने दाखवलं. मिरची कानाशी धरून हलवायची. बिया खुळखुळल्या तर सुकली. धंदा त्यांनी कानावर सांभाळला होता. पण पेला कानाला लावून काही ऐकू येत नव्हतं.

"मग सोडा ना ते," मी म्हणाले. "बरंच झालं. देवानेच सोडवलं."

ते चौकट नखाने खरवडायला लागले. मग म्हणाले, "वहिनी, सोमवार ते शनिवार मी मिरचीसंगे बोलस. माणसं येतस ती रविवारे. ती मन्हा नाकसाठे येतस. त्यास्ले समजी गयं ते कोण ई आठे?"

मला त्या माणसाचा राग आला. एवढं आयुष्य, एवढा व्यापार, आणि जगण्याचा आधार काय, तर तीन ढोंगी म्हाताऱ्यांचा रविवार! पण ते खोटं बोलत नव्हते. बावीस वर्षांत त्यांच्या खोलीत दुसरं कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय करू मी?" मी विचारलं.

"तुम्ही फक्त नाक द्या. शब्द मी लावसू. पण वहिनी, खोटं सांगू नका. जे येस ते सांगा."

आणि मी, जिच्या माहेरी चातुर्मासात कांदा बंद, ती दर रविवारी पावणेतीन वाजता बंद खोलीत दारू हुंगायला लागले. एक अट घातली: पेला माझ्या हातात द्यायचा नाही. ते टीपॉयवर ठेवायचे, मी वाकून, श्वास रोखून, मग एकच श्वास घ्यायचे आणि ओकारी दाबत सांगायचे. भाऊजी बूट घालून, पाय पायावर टाकून, कागद मांडीवर घेऊन बसायचे.

"रॉकेल," मी सांगायचे. "कंदिलाची काच पुसलेलं फडकं." "ओले मोजे." "शाळेच्या मुतारीत फिनेल ओतल्यावर येतो तो." "दवाखान्यातली आयोडीनची पट्टी." "चपलांच्या दुकानातला गम." मी शिव्या दिल्यासारखी सांगायचे. भाऊजी एक अक्षरही न बदलता लिहून घ्यायचे. शब्द मी लावतो म्हणाले होते, पण त्यांनी एकही लावला नाही.

आणि काय सांगू, लोक वेडे झाले. इतके दिवस सगळे मध आणि मनुका लिहीत होते. 'कंदिलाची काच पुसलेलं फडकं' हे कुणी लिहिलं नव्हतं. शहाद्याच्या कुणीतरी लिहिलं, अप्पा, मी पुन्हा हुंगून पाहिलं, अगदी बरोबर, फडकंच! मुतारीला तर लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. म्हणजे मला जे घाण वाटत होतं ते यांना खरंच त्यात सापडत होतं आणि आवडतही होतं. माणसाच्या जिभेवरून माझा विश्वास उडाला. भाऊजी मात्र खुलले. ग्रुपवर आलेलं कौतुक मला वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "तुम्हनं नाक शे वहिनी, सोनानं." मी म्हणायचे, सोन्याचं नाक नाल्यात बुडवून ठेवलंय तुम्ही. मग दोघंही हसायचो. खरं सांगायचं तर पावणेतीन वाजले की मी घड्याळ बघायला लागले होते. वासासाठी नाही. भाऊजी माझ्या तोंडाकडे लहान मुलासारखं बघत असायचे, काय येतं, काय येतं, म्हणून. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं जन्मात कुणी ऐकलं नव्हतं.

दोन वर्षं असं चाललं. मग तो वैशाखातला रविवार.

स्टेशनमास्तरांच्या पुतण्याने परदेशातून एक बाटली आणून आमच्याकडे पोचवली होती. आठवडाभर ग्रुपवर तिचीच चर्चा. फार उग्र आहे, धुराची आहे, दलदलीतल्या मातीचा वास येतो, कच्च्या माणसाचं काम नाही. भाऊजींनी मला आधीच सांगून ठेवलं, "वहिनी, आज जरा जीव घट्ट करा."

खोली बंद होती. पेला टीपॉयवर. भाऊजी शेजारी, नेहमीसारखे पायावर पाय टाकून, बूट चकचकीत. मी वाकले, डोळे मिटले, श्वास घेतला आणि धावत बाहेर जाऊन मोरीत ओकले. पाणी पिऊन परत आले. अशी घाण मी आयुष्यात हुंगली नव्हती.

"सांगा, सांगा," भाऊजी पेन सरसावून.

"सडलंय," मी म्हणाले. "गोड आणि सडलेलं."

"गोड शे का सडेल शे? एक सांगा."

"दोन्ही! वरून गोड आहे, पिकून फुटलेल्या फळासारखं. त्याच्या खाली काहीतरी मेलंय. झाकून ठेवलंय आणि मेलंय. बास, मला नाही होत."

भाऊजींनी ते सगळं लिहिलं. बैठकीत वाचून दाखवलं. आत पापड तळताना मला ऐकू येत होतं. कंपाउंडर पेला हुंगून म्हणाले, "अप्पा, हद्द केलीत. झाकून ठेवलंय आणि मेलंय! हाच तो. अगदी हाच." त्यांनी दहापैकी नऊ दिले. ग्रुपवर त्या वर्णनाला जेवढे अंगठे आले तेवढे आधी कशालाच आले नव्हते.

गुरुवारी भाऊजी पथारीवर थंडी वाजून पडले. घरी आणलं तेव्हा अंग भट्टीसारखं तापलेलं. डाव्या पायाला पट्टी होती. दोन आठवड्यांपूर्वी चपलेतून खिळा घुसला होता, 'खरचटलं' म्हणाले होते आणि स्वतःच बांधत होते. साखरेचा आजार जुना. पायांना फारसं कळायचं नाही, त्यामुळे दुखलंही नव्हतं. आणि वास त्यांना येत नव्हता. दवाखान्यात नर्सने ती पट्टी सोडली. मी पलंगाशेजारी उभी होते.

वरून गोड. पिकून फुटलेल्या फळासारखं. त्याच्या खाली मेलेलं.

हा वास मी रविवारीच सांगितला होता. पेल्याकडे वाकले होते, आणि पाय पेल्यापासून वीतभर अंतरावर होता, बुटात, मोज्यात, झाकलेला. दोन वर्षं मी प्रत्येक घाणीचा आळ बाटलीवर घालत आले होते, तसा याही घाणीचा घातला. उंदराला खानदानी म्हणणाऱ्यांना मी हसले होते. ते निदान परक्या उंदराला चुकले होते. मी माझ्या माणसाचा पाय हुंगला, नाक मुरडलं आणि लिहायला सांगितलं. आणि तो कंपाउंडर! जन्मभर ज्याने जखमा बांधल्या, त्याने नऊ गुण दिले. दारूची, त्या ग्रुपची, त्या बंद खिडक्यांची मला आयुष्यभर किळस होती. त्या दिवशी ती माझी मलाच आली. ती अजून गेलेली नाही.

सुरतेला नेलं. गुडघ्याखाली पाय काढला, पण विष वर चढलं होतं. बारा दिवस मी तिथे होते. एके दुपारी भाऊजी शुद्धीवर होते. म्हणाले, "वहिनी, आठे कसाना वास येस?"

"फिनेलचा. स्पिरिटचा."

"आनि मन्हा?"

मी त्यांची चादर सारखी करायला लागले.

"खोटं सांगू नका वहिनी. आपलं ठरेल शे."

"तोच येतो," मी म्हणाले. "त्या रविवारचा. तो बाटलीचा नव्हता, भाऊजी. मला कळायला पाहिजे होतं. मला—"

ते छताकडे बघत राहिले. आता हे मला काय म्हणतील त्याची मी वाट बघत होते. काहीही म्हणाले असते तरी कमीच होतं. पण त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"मंग कंपाउंडरनी मन्हा पायले नऊ दिधात का?" ते म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, नर्स धावत आली, तरी हसत होते. धाप थांबल्यावर त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"कोणले सांगू नका," ते म्हणाले. "त्यास्ना रविवार खराब व्हयी जाई."

दोन दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतरच्या रविवारी दुपारी तीन वाजता तिघं आले. बूट घालून आले होते. ग्रुपवरचे शहाद्याचे, नवापूरचेही काही जण होते, मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढच्या खोलीत बसले. भाऊजींचा फोटो माझ्या जावेच्या फोटोशेजारी लावला होता. कुणी न सांगता खिडक्या लागल्या, पंखा बंद झाला. तीच बाटली निघाली, अर्धी उरलेली. प्रत्येकाने आधी तीन थेंब फरशीवर सोडले. मला बसायचा आग्रह झाला म्हणून मी दाराशी बसले.

मग कंपाउंडरांनी मोबाइल काढला. म्हणाले, अप्पांनी आम्हाला नाक कसं वापरायचं ते शिकवलं, त्यांचं सगळ्यात श्रेष्ठ लिखाण आज वाचतो. घसा खाकरून त्यांनी वाचायला सुरुवात केली, "वरून गोड, पिकून फुटलेल्या फळासारखं..."

तो माणूस खरंच रडत होता. स्टेशनमास्तर मान हलवत होते, दुकानदार चष्मा पुसत होते. "...झाकून ठेवलंय आणि मेलंय," कंपाउंडरांनी संपवलं आणि म्हणाले, "असं नाक पुन्हा होणे नाही." सगळ्यांनी पेले उचलले आणि आत नाकं घातली. माझ्या जिभेवर शब्द येऊन बसले होते. एक वाक्य बोलले असते तर त्या खोलीतले सगळे पेले खाली आले असते, आणि पुढचा रविवार कुणाच्याच घरी उगवला नसता.

बंद खोलीत दारूचा वास कोंडला होता. मी पदराने नाक गच्च दाबलं आणि मान खाली घातली. स्टेशनमास्तर शेजारच्याला हळूच म्हणाले, वहिनींना आवरत नाहीये, रडताहेत.

रडत तर होतेच.